ठसका न लागणारं घर

सर्व संबंधितांना, तसेच ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सज्जनांनाही कळवण्यात येते की, कारंजा (घाडगे) येथील आमच्या घराण्यात आजवर कुणालाही मिरचीचा ठसका लागलेला नाही. ही बाब अतिशय गंभीर आहे. कृपया उभं राहून ऐकावी.

बसलात तरी हरकत नाही. मला मात्र ही गोष्ट बसून सांगता येत नाही. आजही सुरुवात केली की मी खुर्चीतून उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येतो, आणि बायको म्हणते, "झालं यांचं सुरू." त्या दिवसांत मी जेवढा चाललो तेवढा पुढे कधी चाललो नाही, आणि ते सगळं चालणं दवाखान्याच्या एकाच व्हरांड्यात.

तर घराणं. आमचा धंदा लाल मिरचीचा. रस्त्याला लागून दुकान, दुकानामागे घर, घराला चिकटून गोदाम, आणि तिन्हींमध्ये हवा एकच. गोदामात छताला टेकलेली पोती, अंगणात मिरचीचे देठ तोडणाऱ्या बाया, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला माझी आत्या. ती लग्न होऊन त्याच गल्लीत गेली होती, त्यामुळे ती सासरी गेलीय असं आम्हाला कधी वाटलं नाही, आणि तिलाही वाटलं नसावं. तिचं लुगडं कितीही धुतलं तरी वाळत घातल्यावर दोरीखालून जाणारं कुत्रं शिंकायचं. पाहुणे तर उंबरठ्यावरच डोळे पुसायला लागत. लहानपणी मला वाटायचं, आपल्याला भेटून लोकांना भरून येतं.

या सगळ्याचे सम्राट म्हणजे मोठे बाबा, माझ्या वडलांचे थोरले भाऊ. गिऱ्हाइकासमोर ते मूठभर मिरच्या हातात चुरगाळायचे, नाकाशी धरायचे आणि छाती भरून वास घ्यायचे. गिऱ्हाईक खोकत खोकत दुकानाबाहेर. मोठे बाबा तसेच, हसत. "आपल्याले नाई लागत," असं म्हणताना त्यांचा चेहरा पदक मिळालेल्या पहिलवानासारखा व्हायचा.

घरात एकच डाग होता. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, पिपरी मेघेच्या बाजूच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती नुसती खोकत होती. आत्या तिला विचारायची, "काऊन वो वहिनी, तुमच्या माहेरी मिरची हिरवीच पाह्यली का सगळ्याईनं?" पुढे एक दिवस तो खोकला थांबला, आणि आत्यानं म्हणे गल्लीत पेढे वाटले.

आग लागली ती नवं शतक लागलं त्या सुमारास. मी तेव्हा वर्ध्याला बी.एस्सी. करत होतो, नालवाडीला खोली घेऊन राहत होतो, आणि एकदा जेवताना बेडूक कापल्याचं वर्णन केल्यामुळे घरात मला सगळे डॉक्टर म्हणत. सुटीला घरी आलो होतो. दुपारी आम्ही पंगत मांडून जेवत होतो. भिंतीपलीकडे गोदामातली जुनी वायर तडतडली आणि कोपऱ्यातली पोती धुमसायला लागली. मिरची भडकत नाही, ती आतल्या आत धुपत राहते. आख्ख्या गल्लीला कळलं. ढाब्यावरचे ट्रकवाले खाटा सोडून पळाले. आम्ही कढी वाढून घेत होतो.

समोरचा किराणावाला तोंडाला गमछा लावून दारात आला. डोळ्यांतून धारा.

"अहो, जेवून काय राह्यले! गोदाम जळून राह्यलं!"

"कोनाचं?" मोठ्या बाबांनी घास हातात धरून विचारलं.

मग धावपळ. सारा बाजार बादल्या घेऊन आला. माणसं दोन पावलं आत जायची आणि घसा धरून बाहेर यायची. मोठे बाबा मात्र तोंडाला फडकंही न लावता आत गेले आणि पोती ओढत राहिले. एकदा बाहेर, पुन्हा आत. लोक बघतच राहिले. कुणीतरी ओरडलं, "काका, बाहेर या, धूर लय हाय!" आतून आवाज आला, "मिरचीवाल्याले मिरचीचा धूर काय करते बे!"

खरंच, ते एकदाही खोकले नाहीत.

आग विझली. जळाली ती कोपऱ्यातली थोडी पोती. बाकीचं गोदाम मदतीला आलेल्यांच्या पाण्यानं चिंब. संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर बसून चहा पीत सगळ्यांना आपला पराक्रम सांगत होते, आणि आम्ही सगळे ऐकत होतो.

सकाळी त्यांना वाक्य पुरं करता येईना. "अरे, ते..." म्हणायचे आणि थांबायचे. तो माणूस वाक्य अर्ध्यावर सोडणाऱ्यातला नव्हता. मोठ्या आईनं त्यांचे ओठ पाहिले आणि पोळपाटावरची पोळी तशीच टाकून उठली. ओठ जांभळे दिसत होते. शेजारच्यांची ट्रॅक्स गाडी काढली, मागच्या बाकावर त्यांना आडवं केलं आणि वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना थेट आयसीयूत घेतलं, घशात नळी घातली, श्वासाचं मशीन लावलं. एक्स-रे मी पाहिला. छातीच्या दोन्ही बाजूंना काळी दिसायला हवीत ती फुफ्फुसं पांढरी होती, सरकी काढलेला कापूस ठासून भरल्यासारखी.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पश्चिमेकडच्या कुठल्या तरी शहरातून आलेली, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. अशा सुजलेल्या फुफ्फुसांवरच तिचा प्रबंध चालला होता, त्यामुळे तिला मोठ्या बाबांमध्ये आमच्याइतकाच रस होता. घरातला डॉक्टर म्हणून मला पुढे करण्यात आलं.

"धूर निघत नाही का काही करून?" मी विचारलं.

"धूर आता आत नाहीच. तो केव्हाच गेला. आता जे चाललंय ते त्यांच्याच पेशी करतायत."

मग तिनं मला समजावलं. रक्तात पांढऱ्या पेशी फिरत असतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे नाकंच समजा. फुफ्फुसाला इजा झाली की तिथून काही द्रव्यं सुटतात. त्यांचा वास या नाकांना लागतो, आणि पेशी तिकडे धावतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतून घुसतात. जंतू मारायचं विष त्यांच्याजवळ असतं, ते ओततात. इथं जंतू नव्हतेच. विष पडलं ते फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यांवर. पडदे गळायला लागले, आणि हवेच्या जागी पाणी भरलं.

"म्हणजे इजा धुरानं थोडी केली, बाकी मदतीला आलेल्यांनी," ती म्हणाली.

"गोदाम!" मी ओरडलो.

ती दचकली. मी तिला थोडी जळलेली आणि सगळी भिजलेली पोती सांगितली. ती पहिल्यांदाच हसली आणि म्हणाली, "हे मी सरांना सांगणार."

"मग त्या पेशींची नाकं बंद करा ना!"

"जगभर तेच शोधतायत. उंदरांमध्ये थोडंफार जमतं. माणसांमध्ये अजून नाही. आणि सगळीच नाकं बंद केली तर उद्या खरे जंतू आले की कोण धावणार?" मग तिनं कपाळाला आठी घातली. "मला एक कळत नाही. इतक्या धुरात हे आत थांबले कसे? खोकला नाही आला?"

"आमच्या घरात कुणालाच येत नाही," मी म्हणालो. सवयीनं छातीही थोडी पुढे आली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, खोकला म्हणजे दारावरचा पहारेकरी. मिरचीसाठीही रिसेप्टर असतात, नाकात, घशात. रोज रोज तोच मारा झाला की ते थकतात, उत्तर देणं सोडून देतात. तुम्ही घरातल्या सगळ्यांचे पहारेकरी झोपवून ठेवलेत. म्हणून तर धूर इतका खोल गेला."

एवढ्या शांत आवाजात आमच्या घराण्याची अब्रू कुणी काढली नव्हती.

आता हे बाहेर जाऊन सांगायचं होतं. बाहेर म्हणजे कडुलिंबाच्या झाडाखाली, जिथं आमचं सगळं गोत सतरंज्या टाकून बसलं होतं. बातमी एसटीडी बूथवरून गेली होती आणि माणसं आर्वीहून, पुलगावहून, कुठून कुठून आली होती. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि पेशी, नाकं, वास, विष, पाणी असं सगळं सांगितलं.

"पन त्या पेशीईले बोलावलं कोनं?" आत्यानं विचारलं.

"फुफ्फुसानं."

"मंग आता परत जा म्हना त्याईले."

"त्या ऐकत नाहीत आत्या. त्यांना वास येतच राहतो, आणखी येत राहतात."

"असे कसे पाहुने! चहा घ्या, निघा. आपल्या घरी असं कोनी करत नाई." हे बोलताना आत्या सतरंजीवर मांडी घालून बसली होती, उशाशी कपड्यांची थैली होती आणि परत जायचा तिचा कसलाच विचार दिसत नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं, त्या सगळ्या गोतावळ्याकडे पाहिलं, आणि माझं विज्ञान एकदम पक्कं झालं.

दुसरी तक्रार मशीनची. डॉक्टरिणीनं सांगितलं होतं की सुजलेलं फुफ्फुस ताणायचं नाही, म्हणून मशीन लहान लहान श्वास देतंय. एका काकांना हे अजिबात पटलं नाही. "एवढा धिप्पाड मानूस, अन् त्याले चिमनीएवढा श्वास? तू सांगजो त्याईले, आमी पूर्ण श्वासाचे लोक हाओत." ते मी सांगितलं नाही.

आत्याचं निदान वेगळं होतं. तिच्या मते हे सगळं नजरेमुळे झालं होतं. आग लागली तेव्हा सगळा बाजार मोठ्या बाबांकडे डोळे फाडून बघत होता, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. तेव्हा दृष्ट काढायची. आयसीयूत निखारे नेता येत नाहीत हे मी तिला पटवलं, म्हणून तिनं मोठ्या बाबांचा सदरा घेतला आणि माझी नालवाडीची खोली निवडली. मीठ, मोहरी, लाल मिरच्या सदऱ्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. मिरच्या जळून ठसका लागला तर नजर नव्हती. नाही लागला, तर नजर होती आणि मिरच्यांनी ती खाल्ली.

खोलीत धूर कोंडला. आम्ही सगळे निखाऱ्यांभोवती निवांत बसलो होतो. कुणाच्या पापणीलाही पाणी नाही.

"पाहा!" आत्या म्हणाली. "केवढी नजर!"

तेवढ्यात खालून घरमालकाचं आख्खं कुटुंब खोकत रस्त्यावर आलं. मालक खिडकीखाली उभे राहून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते, पण शब्द फुटत नव्हता.

"आत्या, त्यांना लागला की ठसका."

"ते परके हायेत. त्याईचा धरत नाई."

आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या ज्याची म्हणून दृष्ट काढली त्याला नजर लागलेलीच निघाली होती. त्यामागचं कारण मला त्या धुरात बसल्या बसल्या उमगलं. आत्याला मी ते समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मिरच्यांचं माप वाढवलं.

मी मालकांच्या पाया पडलो. मग दृष्ट नदीकाठी काढली जायला लागली, आणि तिकडून आत्या थेट दवाखान्यात यायची. एका दुपारी भेटायच्या वेळेत ती आत शिरली आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कासावीस झाला, नर्स शिंकायला लागली, औषधांचा ट्रे सांडता सांडता राहिला. डॉक्टरीण आली, एकदा हवा हुंगली आणि आत्याच्या पदराकडे बोट दाखवून शिपायाला म्हणाली, "या बाईंना इथून पुढे आत सोडायचं नाही."

आत्या बाहेर येऊन माझ्यावर बरसली. "मी काय मिरची हाओ का रे?"

मी व्हरांड्यात चालायला लागलो.

त्यानंतरचे दिवस मला एकसारखेच आठवतात. व्हरांड्याच्या या टोकाला पाण्याची टाकी, त्या टोकाला आयसीयूचं दार. मी टाकीपासून दारापर्यंत, दारापासून टाकीपर्यंत. दार उघडलं की सगळं गोत उठून उभं राहायचं आणि नर्स फक्त बाटली घेऊन बाहेर पडलेली असायची. डॉक्टरिणीकडे जाऊन मी रोज विचारायचो, पेशी थकल्या का? ती म्हणायची, बघू. बसलो की पाय हलायचे, चहा घेतला की गार व्हायचा, कुणी हसलं की राग यायचा, कुणी रडलं की जास्त राग यायचा. मोठी आई एकटीच स्थिर होती. ती दाराजवळच्या बाकावर बसायची आणि दार उघडलं तरी उठायची नाही. एकदाच मला म्हणाली, "डॉक्टर, ते घरी येतीन ना रे?" मी हो म्हणालो आणि टाकीकडे निघून गेलो.

मग एका सकाळी एक्स-रेमध्ये कापूस विरळ दिसला. पुढच्या एक्स-रेत आणखी विरळ. छातीतले पाहुणे एकदाचे निघाले होते. मशीनचा आधार कमी करत करत डॉक्टरिणीनं शेवटी नळी काढायची ठरवली, आणि काढली. मोठे बाबा मास्क लावून, आपापला श्वास घेत पडले होते. मी लिंबाखाली जाऊन ओरडणार, एवढ्यात तिनं मला हाक मारली.

"अजून आनंद करू नका. छातीत कफ साचलाय. तो त्यांनी स्वतः खोकून बाहेर काढायला हवा. नाही काढला तर दुपारपर्यंत नळी परत घालावी लागेल. आणि या वेळी घातली तर..."

"काका," ती मोठ्या बाबांवर वाकून म्हणाली, "खोकला बरं. जोरात."

मोठ्या बाबांनी तिच्याकडे पाहिलं. घशातून "हं" असा आवाज आला, गिऱ्हाइकाला भाव परवडत नाही म्हणून सांगताना काढायचे तसा.

"असा नाही. पोटातून."

"हं."

छातीतली घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू खाली घसरत होता. नर्सनं पाठीवर थापट्या मारल्या. मी म्हणालो, "मोठे बाबा, खोका ना." त्यांनी प्रयत्न केला. कपाळावरची शीर फुगली, पण खोकला निघेना. आयुष्यभर ज्याची त्यांनी टर उडवली ती गोष्ट त्यांना जमत नव्हती.

मोठ्या आईला आत बोलावलं. ती खाटेजवळ उभी राहिली. पदर सावरला. मग त्या माणसासमोर, चार लोकांदेखत, ती खोकली. मोठ्यानं, मुद्दाम, अगदी तळापासून, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षासारखी.

"असं," ती म्हणाली. "असं करा. पाहा माह्याकडे." आणि पुन्हा खोकून दाखवलं.

मोठे बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरले, पण खोकला आला नाही. आकडा आणखी घसरला. डॉक्टरीण नर्सला नळीची तयारी करायला सांगायला लागली.

हे बाहेर कुणी सांगितलं ठाऊक नाही, पण दारावर गलका झाला, शिपाई "बाई, बाई" म्हणत राहिला आणि आत्या आत आली. नुकतीच नदीकाठाहून आलेली. कुणी काही बोलायच्या आत तिनं मोठ्या बाबांच्या तोंडावरचा मास्क वर केला.

"दादा, किती घाम आला रे तुले," ती म्हणाली, आणि पदरानं त्यांचं तोंड पुसलं. ओठ पुसले, मग नाक पुसलं.

मोठे बाबा थांबले. नाकपुड्या हलल्या. भुवया वर गेल्या. इतके दिवस ते मिरचीपासून लांब, दवाखान्याच्या स्वच्छ हवेत पडून होते. त्यांच्या नाकातले पेंगलेले पहारेकरी तेवढ्या विश्रांतीनं उठून बसले असावेत, हे मी पुढे शांत डोक्यानं जुळवलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की आमच्या घराण्याच्या सम्राटाचा चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, मान मागे गेली आणि ते खोकले. खाट हलली. पुन्हा खोकले. नर्सनं भांडं पुढे धरलं. आवाज लिंबाखालपर्यंत गेला असणार, कारण तिकडून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. मोठी आई दोन्ही हातांनी खाटेचा गज धरून उभी होती.

डॉक्टरीण नर्सजवळून तीरासारखी पुढे आली. चेहरा संतापानं पांढरा. दाराकडे बोट करून तिनं तोंड उघडलं, आत्या पदर घेऊन मागे सरली, तेवढ्यात डॉक्टरिणीचं लक्ष यंत्रावर गेलं. आकडा वर चढत होता. बोट तसंच हवेत राहिलं, आणि ती पुस्तकासारखं बोलणारी बाई सगळ्या वॉर्डसमोर ओरडली,

"अहो आत्या, मागे कुठे जाताय? जरा अजून जवळ या ना!"